पडद्यावरील मुष्टियुद्ध

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २०१७ साली ‘आर्म्स’ हा मुष्टियुद्धाचा व्हिडिओ गेम काढला. हा खेळताना खेळाडू दोन्ही मुठींत ‘जॉय-कॉन’ नावाचे एकेक लहान यंत्र धरतो. त्यातील सूक्ष्म संवेदक हाताची गती व कल ओळखतात. खेळाडूने हात पुढे फेकताच पडद्यावरील योद्ध्याचा स्प्रिंगसारखा हात लांबवर ठोसा मारतो. मनगट वळविले, की ठोसाही वळतो; दोन्ही मुठी आत कलविल्या, की बचाव होतो. नवशिका मात्र उत्साहाच्या भरात सारखे हात झाडतो आणि हरतो. कारण, लांब गेलेला हात परत येईपर्यंत योद्ध्याची ती बाजू उघडी पडते. प्रतिस्पर्ध्याची चाल पाहून नेमक्या क्षणी ठोसा मारणे सरावानेच साधते. या युद्धात बळाहून संयम अधिक उपयोगी पडतो.