जुन्या भिंगांना नवे घर

समजा, भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर अ‍ॅल्युमिनियमची एक कडी कातायची आहे. जाडी २७.४६ मिमी हवी होती, झाली २७.५६. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कामगाराला ०.१ मिमीचे मोल सांगावे लागत नाही. पण ही कडी जुने भिंग नव्या कॅमेऱ्याला जोडण्यासाठी असेल, तर काय बिघडेल?

उदाहरण म्हणून सोव्हिएत काळातले हेलिओस-४४ घेऊ. नाभीय अंतर ५८ मिमी. ज्या कॅमेऱ्यांसाठी ते बनले, त्यांत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिमी असे. आजच्या आरसा नसलेल्या सोनी कॅमेऱ्यात हेच अंतर १८ मिमी आहे. फरक २७.४६ मिमी, तेवढीच आपली कडी.

आता न्यूटनचे सूत्र आठवा: एका नाभीपासून वस्तूचे अंतर गुणिले दुसऱ्या नाभीपासून प्रतिमेचे अंतर बरोबर नाभीय अंतराचा वर्ग. कडी ०.१ मिमी जाड झाली की प्रतिमा नाभीच्या ०.१ मिमी मागे पडते. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले ०.१ म्हणजे ३३,६४० मिमी. सुमारे ३४ मीटरपलीकडचा डोंगर तंतोतंत स्पष्ट येणारच नाही! २४ मिमीच्या भिंगाचे गणित विद्यार्थ्यांना करायला द्या. उत्तर ६ मीटरच्याही आत येते. छिद्र लहान केले तर चूक थोडी झाकली जाते, इतकेच.

म्हणून कडी जरा पातळच ठेवायची, अशी एक सोय छायाचित्रकार करतात. चित्रपटात ती चालत नाही. तिथे फोकस सांभाळणारा साहाय्यक भिंगावरचे अंतराचे आकडे पाहून कडे फिरवतो. ते आकडे खरेच असावे लागतात.

शिवाय अनेक सिने कॅमेऱ्यांच्या पीएल बैठकीचे अंतर ५२ मिमी. हेलिओस ६.५४ मिमी आत शिरायला हवे, आणि कोणतीही कडी भिंगाला आत नेऊ शकत नाही. मग काचा जुन्या नळीतून काढून नव्या नळीत बसवतात. छिद्राच्या कड्याची टकटक काढून टाकतात, फोकसच्या कड्यावर ०.८ मॉड्यूलचे दाते पाडतात. गिअर कापणाऱ्याला यात नवे काही नाही. यंत्रकाम आणि चित्रपट यांचे नाते आपल्याकडेही जुनेच: बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात आख्खा कॅमेराच घडवला होता.

एवढा खटाटोप कशासाठी? लेप नसलेल्या काचेचे प्रत्येक पृष्ठ सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते. हेलिओसमध्ये हवेला भिडणारी ८ पृष्ठे आहेत. लेप नसता तर ०.९६ चा आठवा घात, म्हणजे ७२ टक्केच प्रकाश थेट पोचला असता. परतलेल्यापैकी काही आतल्या आत भटकून चित्रावर धूसर झाक आणतो. जुन्या साध्या लेपाने हे कमी होते, संपत नाही. डिजिटल चित्राची अतिरेकी स्वच्छता खटकणाऱ्या छायालेखकांना नेमकी हीच झाक हवी असते. माझ्या मते ही आवड समजण्यासारखी आहे. मात्र दुर्मीळ भिंग त्यासाठी फोडू नये. हेलिओस मुबलक बनले, म्हणून ते परवडते.

उलटा प्रकारही घडला आहे. स्टॅन्ले कुब्रिक यांच्या १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्तीच्या उजेडातील दृश्यांसाठी नासाकरिता बनलेले झाइसचे ५० मिमी, एफ/०.७ भिंग वापरले. त्याची मागची काच फिल्मपासून जेमतेम ४ मिमीवर येत होती. तेव्हा भिंग नव्हे, मिचेल कॅमेराच आतून कापावा लागला, आणि पुढे त्याला दुसरे भिंग बसेना.