पिशवीत काय पडलं, हे यंत्राला कळतं कसं?

ब्रिटनमधल्या बहुतेक सुपरमार्केटांत गिऱ्हाइकाने स्वतःच बिल करायची यंत्रं असतात. दुधाची बाटली काचेवरून फिरवायची, टिंग् असा आवाज आला की शेजारच्या पिशवीत ठेवायची, मग पुढची वस्तू घ्यायची. सगळं सुरळीत चाललेलं असतं. एवढ्यात आपण सहज हातातली पर्स पिशवीपाशी टेकवतो आणि यंत्रातली बाई लगेच बजावते, तिथे नको ती वस्तू आली आहे, काढून घ्या! मुलाकडे किंवा लेकीकडे तिकडे राहून आलेले आपल्याकडचे आजी-आजोबाही या बाईला चांगले ओळखतात. लोकांना तो आवाज इतका हुकमी वाटू लागला, की टेस्को या साखळीने 2015 मध्ये तो बदलून टाकला.

पण वैताग घटकाभर बाजूला ठेवा आणि विचार करा, यंत्राला हे कळलं कसं? त्याने पिशवीत डोकावून पाहिलेलं नाही, तुमची पर्स त्याच्या ओळखीची नाही. मग बाटली चालते आणि पर्स चालत नाही, हे त्याने कशावरून ठरवलं?

गोष्ट सुरू होते 1916 मध्ये, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात. तोवर तिथलं वाणसामानाचं दुकान अगदी आपल्या वाण्याच्या दुकानासारखं होतं. गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे, माल पलीकडे. यादी द्यायची आणि पुड्या बांधून होईपर्यंत थांबायचं. 6 सप्टेंबर 1916 रोजी क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने ‘पिगली विगली’ हे दुकान उघडलं आणि ती फळीच काढून टाकली. आत या, हवं ते स्वतः उचला, बाहेर पडताना पैसे द्या. आज आपल्याला यात काहीच विशेष वाटत नाही, पण सॉन्डर्सने या कल्पनेचं चक्क पेटंट घेतलं होतं! माल उचलण्याचं काम त्या दिवशी नोकराच्या हातून गिऱ्हाइकाच्या हातात गेलं. हिशेबाचं काम मात्र गल्ल्यावरच राहिलं, कारण किमती वाचायला माणूस लागत होता.

त्या माणसाच्या डोळ्यांचं काम यंत्राला देण्याची युक्ती सुचली ती समुद्रकिनाऱ्यावर. नॉर्मन जोसेफ वुडलँड हा तरुण 1948-49 च्या हिवाळ्यात मायामीच्या वाळूत बसला होता. लहानपणी स्काउटमध्ये शिकलेली मोर्सची लिपी त्याच्या डोक्यात घोळत होती. त्याने वाळूत टिंबं आणि रेघा काढल्या आणि बोटांनी त्या खाली ओढल्या. टिंबाची झाली बारीक रेघ, रेघेची झाली जाड रेघ. हाच बारकोडचा जन्म! वुडलँड आणि त्याचा मित्र बर्नार्ड सिल्व्हर यांना 1952 मध्ये पेटंटही मिळालं. पण त्या रेघा नेमकेपणाने वाचू शकेल असा प्रकाश जगात नव्हता. लेझर आला 1960 मध्ये. वुडलँडची कल्पना आपल्या काळाच्या इतकी पुढे होती, की ती दुकानात पोचण्याआधीच पेटंटची मुदत संपली. शेवटी 26 जून 1974 रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावातल्या मार्श सुपरमार्केटात पहिली वस्तू स्कॅन झाली. च्युइंगमचं पुडकं, किंमत 67 सेंट.

आता तुमच्या स्वयंपाकघरातलं बिस्किटाचं पुडकं हातात घ्या. आपल्याकडे नोंदलेल्या कंपन्यांच्या बारकोडचा आकडा 890 ने सुरू होतो. रेघांखाली एकूण तेरा अंक छापलेले दिसतील. आणि इथे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर करामत आहे. अंक तेरा, पण रेघा काढलेल्या आहेत फक्त बाराच अंकांच्या! पहिल्या 8 साठी एकही रेघ नाही. तरी स्कॅनर तो वाचतो. कसा?

समजा, तुम्हाला सहा अक्षरं लिहायची आहेत आणि प्रत्येक अक्षर बाळबोध किंवा मोडी यांपैकी कुठल्याही लिपीत लिहायची मुभा आहे. अक्षरं तर वाचणारा वाचेलच. पण कोणतं अक्षर कोणत्या लिपीत लिहिलं, या क्रमातूनही तुम्ही त्याला एक जास्तीची खूण कळवू शकता. बारकोडच्या डाव्या भागात नेमकं हेच केलेलं असतं. तिथल्या सहा अंकांपैकी प्रत्येकाच्या रेघा दोन तऱ्हांनी काढता येतात. बाळबोध, मोडी, बाळबोध, मोडी, मोडी, बाळबोध, हा क्रम दिसला की स्कॅनर समजतो, पुढे न काढलेला अंक आहे 8.

असं का केलं? अमेरिकेतला मूळ बारकोड बारा अंकी होता. 3 एप्रिल 1973 रोजी तिथल्या व्यापाऱ्यांनी आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांची रचना निवडली होती. पुढे बाकीच्या देशांना सामावून घ्यायला तेरावा अंक हवा झाला, तेव्हा चौकटीची रुंदी जराही न वाढवता तो असा रेघांच्या तऱ्हेत दडवला.

बरं, पुडकं उलटं धरलं तर? उजव्या भागातले अंक तिसऱ्याच तऱ्हेने काढलेले असतात आणि उलट्या बाजूने वाचले की ते सगळे आपल्या मोडीसारखे दिसतात. सहाच्या सहा मोडी असा क्रम कुठल्याच अंकाला मुद्दाम दिलेला नाही. त्यामुळे तसं दिसताक्षणी यंत्र ओळखतं की वस्तू उलटी आहे, आणि वाचन फिरवून घेतं. म्हणून तर आपण पुडकं उलटं धरलं तरी चालतं.

शेवटचा अंक पहारेकऱ्याचा. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे अंक जसेच्या तसे घ्या. दुसरा, चौथा, सहावा असे अंक तिपटीने घ्या. तेराही अंकांची अशी बेरीज केली की ती दहाच्या पटीतच यायला हवी. शेवटचा अंक त्या हिशेबाने निवडलेला असतो. एखादी रेघ चुकीची वाचली गेली, एक अंक बदलला, की बेरीज हटकून बिघडते आणि टिंग् वाजत नाही. 8901234567890 हा आकडा घेऊन बघा. 8 पासून नुसते ओळीने अंक लिहीत गेलो, तरी बेरीज बरोबर 130 येते! हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो.

आणखी एक गोष्ट शोधून पाहा. पांढऱ्या कागदावर लाल रेघांचा बारकोड तुम्हाला बाजारात सापडणार नाही. दुकानातला स्कॅनर सहसा लाल प्रकाश टाकतो. काळी रेघ तो गिळते, पांढरी जागा परत फेकते. पण लाल रेघही तो प्रकाश परत फेकते, म्हणजे स्कॅनरला सगळा कागद कोराच दिसतो.

इथवर यंत्राने वस्तू ओळखली. पण तुम्ही पाच रुपयांच्या पुडीवरचा बारकोड दाखवून पिशवीत महागडा चीजचा डबा टाकला तर? गल्ल्यावरच्या माणसाच्या हे लगेच लक्षात आलं असतं. अटलांटाजवळच्या क्रोगर सुपरमार्केटात 1986 मध्ये डेव्हिड हंबल यांच्या चेकरोबॉट कंपनीचं गिऱ्हाइकाने स्वतः स्कॅन करायचं यंत्र लागलं, तेव्हापासून हाच प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांना छळतो आहे. वाचणं सोपं, विश्वास ठेवणं अवघड!

त्यावर काढलेला एक तोडगा पिशवीच्या खाली दडलेला असतो. वजनकाटा. दुकानाच्या यादीत प्रत्येक बारकोडपुढे किमतीबरोबर वजनही नोंदलेलं असतं. बाटली स्कॅन झाली की यंत्र त्या वजनाची वाट पाहत राहतं. काट्यावर साधारण तेवढंच वजन वाढलं तर ठीक. पर्स टेकली की हिशेब जुळत नाही आणि बाई बोलू लागते. पिशवीत काय पडलं हे तिला अजिबात ठाऊक नसतं, किती जड पडलं एवढंच कळतं. म्हणून तर एखादं शुभेच्छापत्र ठेवलं तर ते इतकं हलकं असतं, की काही ठेवलंच नाही असं तिला वाटू शकतं.

आणि हा काटा चालतो कसा? आत स्प्रिंग नाही, पारडं नाही. एक धातूची पट्टी असते. कांद्याची पिशवी ठेवली की ती वाकते, पण डोळ्यांना दिसणारही नाही इतकी थोडी. पट्टीवर अतिशय पातळ तारेची जाळी चिकटवलेली असते. पट्टी वाकली की तार ताणली जाते आणि ताणलेल्या तारेतून वीज जायला किंचित जास्त अडथळा होतो. ही गोष्ट लॉर्ड केल्व्हिन यांनी 1856 मध्येच मोजून दाखवली होती. तिचं मोजमापाचं साधन झालं 1938 च्या सुमारास. अमेरिकेच्या एका टोकाला एडवर्ड सिमन्स आणि दुसऱ्या टोकाला आर्थर रूज यांना ते एकमेकांना नकळत सुचलं. रूज तेव्हा भूकंपात पाण्याच्या टाक्यांवर काय ताण येतो, याचा अभ्यास करत होते! भूकंपात टाकी टिकेल का, या काळजीतून निघालेली तार आज तुमचे कांदे मोजते आहे.

कांद्यावरून आठवलं, सुट्या भाजीवर बारकोड नसतो. तिथे यंत्र तुम्हालाच विचारतं, हे काय आहे? म्हणून भाजी-फळांना चार अंकी क्रमांक दिलेले आहेत. जगभरातल्या गल्ल्यांवर 4011 म्हणजे पिवळं केळं. पण इथे वजनाचा पहारा लंगडा पडतो. महागड्या अॅव्होकॅडोला गाजर म्हणून नोंदवलं, तर काटा तेवढ्याच वजनाचं गाजर मानून पुढे जातो. लंडनमधल्या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक एमेलीन टेलर यांनी अशा गिऱ्हाइकांवर लिहिलं आहे. ही माणसं एरवी सरळमार्गी असतात, दुकानातून वस्तू खिशात घालून नेणं त्यांच्या मनातही येणार नाही, पण यंत्रासमोर त्यांचा हात सैल होतो.

हे सगळं टाळायचा एक मार्ग डिकॅथलॉनच्या आपल्याकडच्या दुकानांतही पाहायला मिळतो. टोपलीभर कपडे एका खोक्यात टाकायचे आणि क्षणात पूर्ण यादी पडद्यावर! कपड्याला लावलेल्या प्रत्येक चिठ्ठीत एक बारीक चिप असते. तिच्यात बॅटरी नाही. खोक्यातून येणाऱ्या रेडिओलहरींवरच ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. पण सगळ्या चिठ्ठ्या एकदम बोलल्या तर गोंधळ नाही का होणार? होईल. म्हणून प्रत्येक चिठ्ठी मनाशी एक आकडा धरते आणि तो येईपर्यंत गप्प बसते. दोघींचा आकडा एकच निघाला तर पुन्हा नवा आकडा. या शिस्तीचं मूळ 1971 मध्ये हवाई बेटांवरचे संगणक रेडिओने जोडताना शोधलेल्या पद्धतीत आहे. मग किराण्यात हे का नाही? पाण्यात या लहरी शोषल्या जातात, धातूवरून उलटतात, आणि किराण्यात तर दुधाच्या पिशव्या आणि पत्र्याचे डबेच जास्त. शिवाय पाच रुपयांच्या पुडीला चिपचा खर्च परवडत नाही.

एवढी बुद्धी ओतूनही काही दुकानं आता मागे वळताहेत. उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स या साखळीने 2023 मध्ये दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडची ही यंत्रं काढायचं ठरवलं. ती मंद आहेत, भरवशाची नाहीत आणि त्यांत माणुसकी नाही, असं त्यांचं गिऱ्हाईक सांगत होतं. अमेरिकेत टार्गेट या साखळीने 2024 मध्ये यंत्रावर दहाच वस्तूंची मर्यादा घातली. नेदरलँड्समध्ये युंबो या साखळीने तर 2019 मध्ये मुद्दाम सावकाश चालणारा गल्ला सुरू केला. ज्याला दोन शब्द बोलायचे आहेत त्याने तिथे जायचं. घाईत असलेल्याने दुसरीकडे. त्याला एवढा प्रतिसाद मिळाला, की पुढे असे दोनशे गल्ले करायचं कंपनीने जाहीर केलं.

मला स्वतःला ही यंत्रं मनापासून आवडतात, पण त्यांचा अभ्यास करताना आदर वाढला तो गल्ल्यावरच्या मुलींचा. वस्तू ओळखणं, नजरेने तपासणं, टोमॅटो आणि प्लम यांतला फरक जाणणं, फुटलेलं अंडं बघून दुसरा खोका आणायला सांगणं, आणि हे सगळं करताना कुणावर संशय न घेणं. त्या एका खुर्चीतून उठलेल्या माणसाच्या जागी लेझर, काटा, कॅमेरा आणि शेजारी उभा राहणारा मदतनीस एवढं सगळं लागलं. ज्या दुकानात यंत्रं आहेत तिथेही माणसाचा एक गल्ला राहायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. चष्मा विसरलेल्या आजोबांनी आणि थरथरत्या हाताच्या आजींनी जायचं कुठे?

आणि बारकोडही आता बदलतो आहे. जगभरातल्या गल्ल्यांवरचे स्कॅनर 2027 अखेर ठिपक्यांचे चौकोनी कोडही वाचू शकतील, असं उद्दिष्ट व्यापारी संघटनांनी ठेवलं आहे. त्या चौकोनात वस्तू टिकण्याची शेवटची तारीखही मावते. ऑस्ट्रेलियातल्या वूलवर्थ्सने 2019 पासून मांसाच्या पाकिटांवर असे कोड छापायला सुरुवात केली. मुदत संपलेलं पाकीट आलं तर गल्ला ते विकायलाच नकार देतो. आपल्याकडे ही सोय येईपर्यंत दह्याच्या डब्यावरची तारीख तुम्ही स्वतः वाचून घ्या, आणि डबा मागच्या रांगेतला उचला. ताजा माल सहसा मागेच ठेवलेला असतो.