मे महिन्यातला चर

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या घराने मिळून करण्याजोगं काम म्हणून श्रमदानाचं नाव आता शहरातही निघतं. त्याचं बरंचसं श्रेय २०१६ ते २०१९ या काळात चाललेल्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेला जातं. १ मेच्या महाश्रमदानाला शहरातली माणसं मुलाबाळांसह गावोगावच्या माळांवर पोचली होती. ती स्पर्धा संपली, पण टेकड्या तिथेच आहेत. मुलांचं आजोळ किंवा आपलं मूळ गाव असेल तर फारच छान. मात्र कुदळ उचलण्याआधी सरपंचांना विचारायचं: आखणी कुठे झाली आहे, जमीन गावाची की वनखात्याची, परवानगी कोणाची लागेल? पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे येतं. मनाला येईल तिथे खड्डा खणणं म्हणजे श्रमदान नव्हे, उचापत.

पाहुण्यांच्या वाट्याला बहुधा येतो तो सलग समतल चर. टेकडीच्या उताराला आडवा, एकाच उंचीवरून जाणारा. धावत येणारं पाणी यात अडतं आणि मुरतं. नेहमीचं एक माप ६० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल. म्हणजे मीटरभर लांबीत १८० लिटर पाणी, आणि मुरून गेल्यावर पुढच्या मोठ्या सरीला पुन्हा तेवढंच. त्यासाठी हलवायची माती मात्र पाव टनाच्या घरात! हा गुणाकार मुलांनाच करू द्यावा. मोठ्यांनी तो केला, की सकाळी 'शंभर मीटर संपवू' म्हणणारे जरा जमिनीवर येतात.

खरी मेख आहे ती 'समतल'पणात. चराचं एक टोक वीतभर खाली गेलं, की सगळं पाणी तिकडे धावतं, बांध फोडतं आणि चराचा ओहोळ होतो. उतारावर नजर हमखास फसते. म्हणून ए-फ्रेम वापरतात. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, पाय फाकवायचे, मध्ये आडवी काठी बांधायची आणि शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडायची. आता चौकट कुठेही उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुणा करायच्या. दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे एक रेघ मारायची. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करायची, पण पाय त्याच दोन खुणांवर ठेवायचे. दोरी दुसरीकडे टेकेल, तिथे दुसरी रेघ. या दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे समतलाची खूण. जमीन सपाट नसली तरी खूण अचूक मिळते. पुढे एक पाय जागेवर ठेवून दुसरा वर-खाली सरकवायचा, दोरी मधल्या खुणेवर आली की पायाशी फक्की टाकायची आणि त्या पायावर चौकट फिरवून पुढे जायचं.

घरातली कामं वाटायला इथूनच सुरुवात करावी. फक्की आणि दोरी मुलांकडे. त्यांची नजर बारीक असते आणि चूक काढायला ती टपलेलीच असतात. कुदळ-टिकाव मोठ्यांकडे, खणणाऱ्या दोघांमध्ये भरपूर अंतर हवं. घमेल्यांच्या साखळीत मुलांनी उभं राहायला हरकत नाही, पण घमेलं अर्धंच भरायचं. माती टाकायची उताराच्या खालच्या अंगाला, काठापासून थोडी जागा सोडून. काठाला चिकटवली तर पहिल्याच पावसात परत चरात. सुटा दगड हाताने उचलू नये, आधी फावड्याने उलटा करावा. खाली विंचू असू शकतो. टीशर्टवर काय छापायचं यावर आठवडा घालवणाऱ्यांनी निदान हातमोजे विसरू नयेत.

उजाडता सुरू करून नऊच्या सुमारास थांबावं. मराठवाड्या-विदर्भात मे महिन्यात त्यानंतर कुदळ मारणं हा हट्ट असतो. उपाशीपोटी कामाला लागू नये. जवळ पाणी, लिंबू सरबत, गूळ-शेंगदाणे ठेवावेत. न्याहारी गावावर सोडू नये, आपली शिदोरी आपण न्यावी. टंचाईच्या गावात वीस पाहुण्यांची भांडी घासायलाही पाणी लागतं.

जमलं तर जुलैत पुन्हा चक्कर मारावी. चरात या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं पाणी उभं असेल तर आखणी बरोबर होती. एकाच कोपऱ्यात साचलं असेल तर तळ कुठे उंच राहिला ते दिसतं आणि वाफशावर तेवढाच तासता येतो. पावसाबरोबर गाळही येतो. तो पुढच्या उन्हाळ्यात काढावा लागतो, आणि त्या कामाला कुटुंब लहान असलं तरी चालतं.