टे-सॅक्स रोग आणि उत्परिवर्ती उंदीर

इ. स. १८८१ मध्ये लंडन येथील वॉरेन टे या नेत्रवैद्यास एका अर्भकाच्या दृष्टिपटलावर तांबडा ठिपका आढळला. पुढे १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड सॅक्स याने त्याच विकाराचे मेंदूवर होणारे परिणाम वर्णिले. या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा हा आनुवंशिक रोग फार क्रूर आहे. मूल जन्मतः निकोप दिसते. सहाव्या महिन्याच्या सुमारास मान सावरणे, बसणे या नुकत्याच साधलेल्या गोष्टी त्यास जमेनाशा होतात, दृष्टी जाते, आणि बहुधा पाच वर्षांच्या आतच त्याचा अंत होतो. याचे कारण १९६९ मध्ये उघड झाले. ‘हेक्सोसॅमिनिडेज अ’ हे एंझाइम या बालकांत नसते. त्यामुळे जीएम-२ हा मेदयुक्त पदार्थ विघटन न होता मज्जापेशींत साचत राहतो.

जिवंत बालकाचा मेंदू पायरीपायरीने तपासता येत नाही, उंदराचा येतो. परंतु तसा उंदीर मिळावा कोठून? पूर्वी निसर्गात आपोआप घडणाऱ्या उत्परिवर्तनाची वाट पाहणे एवढेच हाती असे. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत १९७६ मध्ये आढळलेला थरथरणारा उंदीर हा असाच एक लाभ होता. क्रॅबे रोगात जे एंझाइम उणे असते तेच त्याच्यातही उणे असल्याचे १९८० मध्ये सिद्ध झाले. भ्रूणाच्या मूळपेशींतील इच्छित जनुक निकामी करण्याची युक्ती साधल्यावर ही प्रतीक्षा संपली, आणि १९९४ मध्ये ‘हेक्सोसॅमिनिडेज अ’ नसलेले उंदीर तयार झाले.

हे उंदीर मात्र आजारी पडले नाहीत. त्यांच्या काही मज्जापेशींत जीएम-२ साचलेले दिसले, तरी ते वर्षभराहून अधिक काळ धडधाकट वावरत राहिले.

या कोड्याचा उलगडा रसायनात आहे. जीएम-२ च्या रेणूस सियालिक आम्लाचा एक घटक जोडलेला असतो. तो तसाच असता रेणू तोडण्याचे काम ‘अ’ या एंझाइमाखेरीज होत नाही. उंदरात मात्र सियालिडेज नावाचे दुसरे एंझाइम हा घटक आधीच काढून टाकते, आणि उरलेला रेणू ‘हेक्सोसॅमिनिडेज ब’ सहज तोडते. हमरस्ता बंद पडला तरी आडवाट खुली राहते. मनुष्यातही सियालिडेज आहे. पण जीएम-२ वर त्याचा प्रभाव फारच दुबळा असतो. ‘अ’ व ‘ब’ ही दोन्ही एंझाइमे नाहीशी केलेले उंदीर १९९५ मध्ये निपजविण्यात आले, तेव्हा ते अवघ्या काही महिन्यांत रोगग्रस्त होऊन मेले. पुढे २०१८ मध्ये ‘अ’ समवेत नेमके एक सियालिडेज निकामी केलेल्या उंदरांतही तीव्र रोग प्रकटला. आडवाटेविषयीच्या तर्कास याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही.

अशा प्राण्यास मराठीत ‘रोगाची प्रतिकृती’ म्हणण्याचा प्रघात पडू पाहत आहे, तो टाळावा हे बरे. प्रतिकृती म्हटली की मूळाशी तंतोतंत साम्य गृहीत धरले जाते, आणि येथे तर जनुकातील उणीव एक असून परिणाम भिन्न आहे. हा भेद केवळ शब्दांपुरता नाही. १९९४ च्या उंदरांना औषध देऊन ‘प्राणी सुदृढ राहिला’ एवढेच कोणी नोंदविले, तर त्या नोंदीस काहीच किंमत नाही. तो औषधावाचूनही सुदृढच राहिला असता.

तरीही न आजारलेल्या या उंदराने एक दिशा दाखविली. उंदराची आडवाट मनुष्याच्या पेशीत रुंद करता येईल काय, हा प्रश्न त्यातूनच निघाला. रुग्णापासून मिळविलेल्या, प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत सियालिडेजचे प्रमाण वाढविले असता साचलेले जीएम-२ ओसरते, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. पेशींपासून बालकाच्या मेंदूपर्यंतचे अंतर मात्र अद्याप कापले गेलेले नाही.