चार भेंड्यांचं करायचं काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतेय. बोलले तसंच ठेवलंय, मधले ‘अं...’ तेवढे काढलेत.

आजचा विषय कुंड्यांमधली भाजी. आणि सगळ्यात अवघड प्रश्न आधी घेऊ, कारण तो आपल्या नाशिककरांनाच जास्त लागू पडतो. नाशिकला मुंबईची परसबाग म्हणतात. रोज इथून भाजीच्या गाड्या कसारा घाट उतरून मुंबईला जातात. गिरणारे नाहीतर पिंपळगाव बसवंतला हंगामात जाऊन बघा, टोमॅटोचे क्रेट मोजून संपत नाहीत. बुधवारी गंगाघाटावर बाजार भरतो तो वेगळाच. मग अशा गावात राहून सिडकोतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत सहा कुंड्या मांडायच्या कशाला?

‘पैसे वाचतात’ हे उत्तर मी देणार नाही, कारण ते बहुतेक वेळा खरं नसतं. टोमॅटोचंच बघा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव इतका पडला की नाशिककडच्या शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. २०२३ च्या जुलैत तोच टोमॅटो किलोला शंभरीपार गेला. तुमची कुंडी यातलं काही आधी ओळखू शकत नाही. ग्रो बॅग, माती, खत, बी यांचा हिशोब मांडला तर पहिल्या वर्षी घरचा टोमॅटो बाजारापेक्षा महागच पडतो. ज्यांना पैसे वाचवायचेत त्यांनी बुधवारी संध्याकाळी, बाजार उठायच्या वेळेला घाटावर जावं.

पण लोक बाग सोडून देतात ते या खर्चामुळे नाही, असं मला वाटतं. सोडतात ते चार भेंड्यांमुळे. म्हणजे कसं, की भेंडीची चार रोपं लावली. दीड महिन्यात फुलं आली, फोटो निघाले, स्टेटसला लागले. मग एक दिवस दोन भेंड्या, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी तीन. त्यांची भाजी होत नाही. थांबावं म्हटलं तर भेंडी थांबत नाही. फूल गळल्यापासून पाच-सहा दिवसांत ती काढली नाही तर जून होते, सुरीला करकर लागते. फ्रिजमध्ये साठवल्या तर पहिल्या सुकतात तोवर पुढच्या येतात. पलीकडच्या कुंडीत दोन वांगी, मूठभर माठ, एक दोडका. सगळं आहे आणि जेवायला काहीच नाही! दसऱ्यापर्यंत कुंड्या कोपऱ्यात जातात.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात फार जुना आहे. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषीची भाजी करतात. त्या दिवसाचा नियम असा, की बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं नको, हाताने खणून-पेरून आलेलं चालेल. आता असं काय उरतं? घरामागचं अळू, कुंपणावरचा भोपळा, मांडवावरचं पडवळ आणि दोडका, कोपऱ्यातला माठ, अंबाडी, चार भेंड्या, मक्याचं एखादं कणीस. म्हणजे ही भाजी परसात त्या आठवड्यात जे मूठ-मूठ सापडेल त्याचीच आहे. (या व्रतामागची विटाळाची कथा मला अजिबात पटत नाही. भाजी मात्र पटते.) आज बाजारात या दिवसासाठी सगळं मिसळून वाटे लावलेले मिळतात, त्यात बैलाचा नियम कितपत पाळला जातो ते सोडा.

तर माझं सांगणं असं, की कुंड्या लावताना ‘मला टोमॅटो हवेत’ असं ठरवू नका. तारीख ठरवा. पावसाळ्याची तारीख ऋषिपंचमी, हिवाळ्याची भोगी. मग उलटं मोजत या.

गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी येतात, कधी सप्टेंबरच्या मध्याला, म्हणून कॅलेंडर हातात घ्या. दोडका आणि पडवळ यांना बी टाकल्यापासून पहिलं फळ यायला साधारण दोन महिने, कधी थोडं जास्त. भेंडीला दीड महिना. अंबाडीचा पाला महिना-सव्वा महिन्यात खुडता येतो, माठ तीन-चार आठवड्यांत. म्हणजे वेल आधी, जूनमध्ये पहिल्या सरींबरोबर. भेंडी त्यानंतर, माठ सगळ्यात शेवटी, गणपतीच्या महिनाभर अगोदर. अळूचे कंद मात्र मेअखेरीस लावून टाका. अळूला ऊन कमी चालतं, त्यामुळे ज्या बाल्कनीत ‘इथे काही येणार नाही’ असं वाटतं तिथे ते लावावं. पाणी मात्र भरपूर. सुरण लावू नका, त्याला आठ-नऊ महिने लागतात, तो विकत आणा.

दुधी नाहीतर दोडका लावलात आणि बोटाएवढी फळं पिवळी पडून गळायला लागली, तर खत वाढवायच्या आधी परागीभवन बघा. या वेलांना नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासूनच दिसतं. दुधी आणि दोडका यांची फुलं संध्याकाळी उमलतात. त्या वेळी चौथ्या मजल्यावर किडे येतीलच असं नाही. मग नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि त्यातली पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायची. कारलं आणि लाल भोपळा सकाळी उमलतात, त्यांचं हेच काम ऑफिसला निघायच्या आधी.

दुधीचा मुख्य वेल पाच-सहा फूट झाला की शेंडा खुडा. मुख्य वेलावर नर फुलं जास्त येतात, बाजूच्या फांद्यांवर मादी. खुडलेला शेंडा टाकायचा नाही. कोवळा शेंडा, दोन पानं आणि भोपळ्याची जास्तीची नर फुलं, हे सगळं ऋषीच्या भाजीत जातं. फुलांची भजीही होतात. इथे बाल्कनी बाजारावर मात करते बघा. ही फुलं तासाभरात मान टाकतात, त्यामुळे त्यांचा व्यापार कोण करणार?

आता करायची कशी. घराघरांत पद्धत वेगळी, आमच्याकडे तेल-फोडणी नसते. सुरण, मक्याचे तुकडे, लाल भोपळा असं जे शिजायला हट्टी ते आधी पातेल्यात घालायचं, थोडं पाणी, झाकण. अर्धवट शिजलं की भेंडी, दोडका, पडवळ. शेवटी चिरलेलं अळू त्याच्या सोललेल्या देठांसकट, माठ, अंबाडी. हिरवी मिरची, मीठ, ओलं खोबरं. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. म्हणून ते नीट मऊ शिजवायचं आणि चिंचेचा कोळ घालायचा. अंबाडी स्वतःच आंबट, ती भरपूर असेल तर चिंच कमी. प्रत्येक गोष्ट मूठभरच हवी, एखादी नसली तरी बिघडत नाही. आपल्या चार भेंड्यांना इथे मान आहे.

मातीबद्दल थोडक्यात. आपली काळी माती शेतात सोन्यासारखी, पण नुसती कुंडीत भरली की ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. भेगा पडतात, पाणी कडेने निसटून जातं. तिच्यात निम्म्याहून जास्त कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत मिसळा. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि पालापाचोळ्यातून माती घडवायचं तंत्र लोकांपर्यंत नेलं. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, असं त्यांचं मांडणं होतं. आपल्याकडे दहा गुंठे नाहीत, दहा फूट आहेत, पण पाला तोच. सोसायटीतली झाडलेली पानं जाळू देऊ नका, पोत्यात भरून ओली करून ठेवा, सहा-आठ महिन्यांत काळी भुसभुशीत होतात. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते, हेही लक्षात असू द्या. कठड्यावर टांगायच्या आधी आणि गच्चीभर वाफे करायच्या आधी बिल्डिंगची अवस्था जाणकाराला विचारा. पाला जास्त, माती कमी ठेवली की वजनही घटतं.

दुसरी तारीख भोगी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. निफाडचा पारा बातम्यांत यायला लागतो ते दिवस. भोगीची भाजी म्हणजे वांगी, गाजर, पावटा किंवा वाल, मटार, हरभऱ्याचे सोलाणे, तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. पुन्हा तेच, सगळं मूठ-मूठ. वांग्याचं बी जुलै-ऑगस्टमध्ये टाकून महिन्याभराने रोप मोठ्या कुंडीत हलवलं, तर डिसेंबरात वांगी हाताशी असतात. गाजराला फूटभर खोल कुंडी हवी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बी तिथेच टाकायचं, रोप उपटून दुसरीकडे लावायचं नाही, गाजर वेडंवाकडं होतं. मटार भाजीपुरता होत नाही, खरं सांगते. पण तोडल्यापासून त्यातली साखर पिठूळ व्हायला लागते, म्हणून उभ्याउभ्या वेलावरचा सोलून खाल्लेला मटार आणि बाजारातला मटार यांची जात एक असली तरी चव एक नसते. चार वेल तेवढ्यासाठी लावावेत.

नवीन माणसाने एकच गोष्ट करायची असेल तर ऑक्टोबरात हरभरा पेरा. विकतचं बी नको. डब्यातले अख्खे देशी हरभरे मूठभर घ्या, रात्रभर भिजवा, उथळ पसरट कुंडीत टाका. महिन्याभराने शेंडे खुडायचे. खुडल्याने फांद्या फुटतात, पुन्हा खुडता येतात. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, म्हणजे बारीक केसांवरचे आंबट थेंब. पहाटे पानांवरून हात फिरवून जिभेला लावून बघा. त्या आंबटपणासाठी ही भाजी खुडल्यावर फार धुवत नाहीत. बाजारात भाजी ताजी दिसावी म्हणून पाणी मारलेलं असतं, तिथेच अर्धी आंब जाते. घरी आपण फवारणी केलेली नसते, त्यामुळे नुसती झटकून, चिरून, लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतून, वर थोडं बेसन भुरभुरायचं. ही भाजी वाळवूनही ठेवतात.

आणि वाल. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. गावठी वालाचा वेल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. फेब्रुवारीत लावलात तर पावसाळाभर पानंच पानं, ग्रील भरून जाते, आणि लोक ‘वांझ निघाला’ म्हणून उपटून टाकतात. जून-जुलैत लावा, दिवाळीच्या सुमारास फुलं येतात आणि भोगीला शेंगा असतात. हे ज्ञान पाकिटावर छापलेलं नसतं. ते ज्यांच्याकडे होतं त्या बायकांकडे बीही होतं, गाडग्यात राखेत ठेवलेलं. बी गेलं की ते कधी लावायचं हे सांगणारी आठवणही जाते. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावोगावचं वाल-घेवड्याचं, भाताचं, भाज्यांचं देशी बी गोळा करून जपलं, बाएफ संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची सुरुवात घराच्या परसातूनच झाली.

आपणही निदान वालाचं बी धरू शकतो. पाकिटावर एफ-वन लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरून उपयोग नाही, ते संकरित असतं, पुढच्या पिढीत एक रोप एका वळणावर, दुसरं दुसऱ्याच. देशी बी हवं. वाल, घेवडा, टोमॅटो, मेथी ही बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळे बाल्कनीत त्यांचं बी बऱ्यापैकी शुद्ध राहतं. दुधी, भोपळा, मुळा यांचं तसं नाही, शेजारच्या गच्चीवरचा पराग येऊन सरमिसळ होते.

सगळ्यात जोमदार वेल निवडा आणि त्याच्यावरच्या आठ-दहा शेंगांना दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी भाजीला तोडणार नाही. वेलावरच वाळू द्या, हलवल्यावर आतून खुळखुळ वाजली पाहिजे. सोलून सावलीत आठवडाभर वाळवा, मग चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत. बाटलीवर नाव, महिना आणि बी कुणाकडून आलं तेही लिहा. जूनमध्ये पेरायच्या आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांत सात-आठांना मोड आले तर बी चांगलं. कमी आले तर प्रत्येक कुंडीत दोनाऐवजी चार दाणे टाका.