निळा रंग उतरेपर्यंत

पांढऱ्या टाइलवर आयोडीनचा पिवळट थेंब. त्यावर टाकीतल्या रसाचा एक थेंब पडतो आणि गडद निळा डाग उमटतो. पाळीवरचा केमिस्ट वहीत वेळ टिपतो. स्टार्च अजून शाबूत आहे. पुढच्या नमुन्याला डाग जांभळा, मग तांबूस. स्टार्चच्या लांब साखळ्या तुटू लागल्या.

मक्यापासून ग्लुकोज काढणाऱ्या कारखान्यातलं हे रोजचंच काम. दुधासारखं दिसणारं, 30 ते 35 टक्के घट्ट स्टार्चचं पाणी जेट कुकरमधून जातं. तिथे वाफेच्या दाबाखाली साधारण 105 अंश सेल्सिअसला पाचेक मिनिटं शिजतं. घरी खळ शिजवताना डाव जड होतो, तेच इथे टनांच्या हिशेबात झालं तर पंपच अडकतील. म्हणून शिजण्याआधीच त्यात अल्फा-अमायलेज हे एन्झाइम, म्हणजे विकर, घालतात. दाणे फुगून फुटतात त्याच क्षणी ते साखळ्या तोडू लागतं. नंतर 95 अंशांना तास-दोन तास हेच चालतं.

मोड आणलेल्या नाचणीची पेज पातळ होते, तीही अमायलेजमुळेच. पण ते उकळीपर्यंत टिकत नाही. कारखान्याला हवं ते उकळीतही काम करणारं.

असं एन्झाइम देणारा एक जिवाणू म्हणजे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. त्याची ओळख झाली तीच चोर म्हणून! 1920 साली डोंक या संशोधकाने हवाबंद डब्यांतल्या नासलेल्या मक्यातून आणि शेंगांतून मिळालेल्या या जिवाणूचं वर्णन केलं. डबा फुगत नाही, आतलं अन्न मात्र आंबतं. मक्याची नासाडी करणाऱ्यालाच मक्याच्या कारखान्यात कामाला लावलं, ही माणसाची हुशारी की लबाडी?

एन्झाइम येण्याआधी साखळ्या तोडण्याचं काम आम्ल करत असे. 1811 च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्खहॉफ यांनी गंधकाम्लात स्टार्च उकळून गोड पाक मिळवला होता. पण आम्ल साखळी कुठेही तोडतं. पाकाला रंग चढतो, कडवटपणा येतो आणि भांडी गंजतात.

तुटलेल्या साखळ्यांचं ग्लुकोज करणारं पुढचं एन्झाइम मात्र नाजूक. बुरशीपासून मिळणाऱ्या ग्लुकोअमायलेजसाठी पाक 60 अंशांवर आणतात, आम्लता वाढवतात आणि दोन-तीन दिवस मुक्काम. मग त्यातलं काही ग्लुकोज हायड्रोजन जोडून सॉर्बिटॉल होतं आणि टूथपेस्टच्या नळीत जातं.

टाइलवर आता नवा थेंब पडतो. आयोडीन पिवळंच राहतं. केमिस्ट टाइल धुऊन पालथी घालतो.