ट्रॅक्टर पाणी खातोय? आधी ऑईल बघा

माजलगाव-गेवराई भागात ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लागले की एक तक्रार ठरलेली : रेडिएटरचं पाणी रोज कमी होतं, खाली थेंबही दिसत नाही. मग पाणी बहुधा इंजिनातच जातंय. सकाळी गार इंजिनाची डिपस्टिक काढा. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर स्टार्टर मारूच नका. असं ऑईल बेरिंग खातं, मग खर्च क्रँकपर्यंत जातो. ऑईल चांगलं, पण पांढरा धूर थांबत नाही, रेडिएटरात बुडबुडे येतात, तर हेड गॅसकेट तपासा.

मिस्त्री म्हणाला, "नुसतं गॅसकेट बदलू", तर थांबवा. तापलेलं हेड वाकतं, कधी त्याला चीर जाते. लेथवर सपाटी बघून प्रेशर टेस्ट करून घ्या. लायनरच्या रबर रिंगाही बघायला सांगा. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्यानंच आवळायचे. अंदाजपंचे नको.

बोअरचं क्षाराचं पाणी भरत असाल तर बंद करा, त्याचा थर पाण्याच्या वाटा बुजवतो. कुलंटच वापरा. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंड भाजतं.